अंगणातला विजेचा खांब: कुजतो कुठे, तपासावा कसा, बदलावा कसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळी पावसाच्या बातमीत ‘वाऱ्याने विजेचा खांब कोसळला’ हे वाक्य हमखास असते. खासगी वीज जोडण्यांची कामे करणाऱ्या आम्हा मंडळींना ते वाचून पहिला प्रश्न पडतो, तो तुटला कुठून? बहुतेकदा उत्तर एकच असते: जमिनीलगत. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. खांब त्याआधी कित्येक वर्षे पायथ्याशी कुजत, गंजत किंवा फुटत आलेला असतो. रस्त्यावरच्या खांबाकडे निदान वीज कंपनीची माणसे येता-जाता नजर टाकतात. घराच्या आवारात उभा असलेला, फाटकापासून घरापर्यंत तार नेणारा खांब मात्र कुणाच्याच यादीत नसतो. मालक समजतो तो कंपनीचा, कंपनीच्या नोंदीत तो मालकाचा. या गोंधळात खांब म्हातारा होत जातो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी मालकीचा प्रश्न सोडवावा. कंपनीचा पुरवठा जिथे संपतो आणि ग्राहकाची जोडणी जिथे सुरू होते, तो बिंदू कागदोपत्री ठरलेला असतो. त्या बिंदूपलीकडचे सगळे, म्हणजे तार, खांब, ताण (खांबाला जमिनीतून तिरका आधार देणारी तार), अर्थिंग, सर्वसाधारणपणे ग्राहकाचे. मीटर हद्दीवर असेल आणि खांब मीटर व घर यांच्या मध्ये असेल, तर तो खांब जवळजवळ नक्की तुमचा. मीटर घराच्या भिंतीवर असेल तर मात्र अंदाज बांधू नका, कारण नियम जागोजागी वेगळे आहेत. खांबावर कंपनीचा रंगवलेला किंवा पत्र्यावर ठोकलेला क्रमांक आहे का, त्यावरून दुसऱ्या कुणाच्या घरी तार गेली आहे का, हे पाहा. मग ग्राहक क्रमांक, खांबाचा पूर्ण फोटो आणि पायथ्याचा फोटो जोडून कंपनीला लेखी विचारा आणि पोच घ्या. लाइनमनच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. उद्या अपघात झाला तर ते उत्तर कुठेच सापडणार नाही. खांबावरून टेलिफोनची किंवा केबलची तार गेली असेल तर त्यांनाही कळवावे लागते. त्या तारांचाही खांबावर ओढा असतो आणि खांब बदलायच्या दिवशी त्यांची माणसे आली नाहीत की काम तिथेच अडते.

आता खांब कुजतो कसा ते पाहू. लाकडाला बुरशी लागायला ओल, हवा आणि ऊब तिन्ही हवीत. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी वाढत नाही, म्हणून खांबाचा वरचा भाग वर्षानुवर्षे टणटणीत राहतो. जमिनीत खोलवर ओल भरपूर, पण हवा कमी. दोन्ही पुरेशा भेटतात त्या जमिनीच्या पातळीपासून खाली ३० ते ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. खांबाला वाकवणारा जोरही नेमका तिथेच सर्वांत जास्त असतो. ६ मीटर उंचीवर तार ८० किलोच्या ताणाने ओढत असेल, तर पायथ्यावर येणारा भार खांबापासून १ मीटर अंतरावर ४८० किलो वजन लटकवल्याइतका होतो. म्हणजे जिथे जोर सर्वाधिक, तिथेच लाकूड सर्वांत आधी जाते, आणि ती जागा मातीखाली झाकलेली असते.

लाकूड बाहेरून गेले की आतून, यावर सगळे अवलंबून आहे. २५ सेंटिमीटर व्यासाचा खांब आतून पोकळ झाला, पण भोवती ५ सेंटिमीटर जाडीचे निरोगी कवच सगळीकडून शाबूत असेल, तर वाकण्याविरुद्धची त्याची ताकद हिशेबाने सुमारे ८७ टक्के उरते. त्याच खांबाचे बाहेरचे ५ सेंटिमीटर सर्व बाजूंनी कुजले आणि आतला १५ सेंटिमीटरचा गाभा ठणठणीत राहिला, तर ताकद उरते जेमतेम २२ टक्के. बाहेरून ३ सेंटिमीटर जरी गेले तरी निम्म्याहून अधिक ताकद संपते. पोकळ आवाज ऐकून लोक घाबरतात. जमिनीखालच्या मऊ सालीकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि खरा धोका बहुधा तिथेच असतो.

तपासणी सुरू करण्याआधी वर पाहा. तार सैल आहे का, चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला आहे का, एखादा ब्रॅकेट लोंबतो आहे का? असे काही दिसले, किंवा खांब उघडच कलला असेल, तर हातोडा लावूच नका, थेट जाणकाराला बोलवा. एरवी अर्धा-एक किलोचा हातोडा घेऊन जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत चारही बाजूंनी ठोकत जा. निरोगी लाकूड टणकन वाजते आणि हातोडा उसळतो. कुजलेले लाकूड भद्द आवाज करते आणि हातोडा बसल्यासारखा वाटतो. पावसात भिजलेला खांब एरवीही बद्द वाजतो, म्हणून चार कोरडे दिवस गेल्यावर ही तपासणी करावी.

मग पायथा उकरायचा. सगळीकडून एकदम उकरू नका. एका वेळी निम्माच घेर, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल, तो पाहून बुजवून मग दुसरा. खांबालगत अर्थिंगची तार किंवा जमिनीखालून गेलेली केबल असू शकते, त्यामुळे पहार किंवा कुदळ न वापरता खुरप्याने हळू माती काढा. माती निघाली की जाड स्क्रू-ड्रायव्हर तिरका खुपसून लाकडाची एक ढलपी उचकटून पाहा. निरोगी लाकडाची ढलपी लांब, रेषारेषांची निघते आणि तुटताना कडकड वाजते. कुजक्या लाकडाची ढलपी आखूड, चौकोनी तुकड्यासारखी आवाज न करता सुटते आणि बोटांत चुरगळली की भुगा होतो. एकदा हा फरक हाताला कळला की विसरत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या कुठपर्यंत चढल्या आहेत तेही पाहा. आतला पोकळपणा मोजायला बारीक छिद्र पाडावे लागते. ते काम जाणकाराचेच, आणि छिद्र औषधी लाकडी गुल्लीने बंद केले नाही तर तिथूनच नवी कूज सुरू होते.

सिमेंटच्या खांबाची तऱ्हा निराळी. आवारातल्या पुष्कळ सिमेंटच्या खांबांत आधीच ताणून बसवलेल्या बारीक पोलादी तारा असतात. ताज्या काँक्रीटच्या क्षारतेमुळे पोलादावर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरला किंवा खाऱ्या हवेतले मीठ पोचले की तो थर जातो आणि गंज धरतो. गंजाला मूळ पोलादाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. तड कुठल्या दिशेने गेली आहे ते नीट पाहा. खांबाच्या उंचीला समांतर, सरळ उभी गेलेली आणि कडेला तांबूस डाग असलेली तड म्हणजे आतली तार गंजते आहे. कोपरा सुटून तार उघडी पडली असेल तर खांब बदलायची तयारी सुरू करा. बारीक तार गंजायला लागली की तिचा उरलेला जीव फार लवकर संपतो. लाकूड निदान करकरते, झुकते. हा खांब सूचना न देता एकदम मोडू शकतो. अशा तडेवर गिलावा करून रंग मारणे म्हणजे रोग झाकणे. गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या माणसाला तड दिसत नाही.

लोखंडी नळीचा खांब जिथे माती किंवा काँक्रीटमधून बाहेर येतो त्या कडेला गंजतो. भोवतीचा ओटा सपाट किंवा खोलगट असला की पाणी कडेशी साचते. कुत्री रोज त्याच जागी लघवी करतात त्याचाही परिणाम होतो. त्यातले क्षार गंज वेगाने वाढवतात. वरचे टोपण उडाले असेल तर पाणी आतून उतरते आणि नळी आतल्या बाजूने पातळ होते. बाहेरून रंग झकास दिसतो, आत काही उरलेले नसते. खरवडून रंगाचे पापुद्रे काढा, लहान हातोड्याने ठोका. पत्रा दबला किंवा भोक पडले तर निकाल लागलाच. शंका असेल तर ध्वनिलहरींच्या उपकरणाने जाडी मोजून घेता येते. लोखंडी खांबाला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करा: कुणालाही त्याला स्पर्श केल्यावर झिणझिण्या आल्या असतील तर तपासणी सोडा. तो खांब जिवंत आहे, म्हणजे त्यात वीज उतरली आहे, असे समजून मुलेबाळे, गुरेढोरे दूर ठेवा आणि पुरवठा बंद करवा.

खांब कलला आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. ओळंबा वापरा. खांबाला दीड मीटर उंचीवर ओळंब्याची दोरी टेकवा आणि खाली दोरी खांबापासून किती दूर आहे ते मोजून तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच बाजूने मोजा. तारेच्या ओढीचा विचार करून काही खांब मुद्दाम उलट बाजूला किंचित तिरके रोवलेले असतात, त्यामुळे नुसता कल हा दोष नव्हे. कल वाढतो आहे का, आणि पायथ्याशी एका बाजूला मातीत फट पडून दुसऱ्या बाजूला माती उचलली गेली आहे का, हे महत्त्वाचे.

इथे एक फार सामान्य चूक होते. तार लोंबते म्हणून कुणीतरी ती खेचून घट्ट करतो. तारेचा झोळ ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की तिचा ताण दुप्पट होतो, आणि तो सगळा ताण खांबाच्या पायथ्यावर उतरतो. झोळ वाढला असेल तर खांब का सरकला हे आधी शोधा. ताणाच्या तारेचेही असेच. ताण खांबाशी ४५ अंशांत असेल तर आडव्या ओढीच्या १.४ पट जोर त्यावर येतो. जागा नाही म्हणून ३० अंशांत उभा केला तर दुप्पट. त्याची सळई जमिनीत शिरते तिथे हाताने चाचपून पाहा, अंगठ्याएवढी सळई झिजून पेन्सिलीएवढी झालेली असू शकते. ताणाच्या तारेत मध्ये अंड्यासारखा इन्सुलेटर असतो, तो गाडीला लागतो म्हणून काढून टाकू नये. वरची जिवंत तार ताणाला चिकटली तर माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत वीज उतरू नये म्हणूनच तो तिथे असतो.

खांब हलतो आहे याची पहिली खबर कधी कधी घरातले दिवे देतात. वारा सुटला की दिवे मिणमिणतात, काही खोल्यांत उजेड अचानक वाढतो आणि काहींत कमी होतो. जोडावर ओढ बसून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाल्याचे हे लक्षण. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल पूर्ण तुटला तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून थांबावे, उपकरणे एकेक लावून पाहू नयेत.

खांब धोक्याचा ठरला तर सगळ्यात आधी त्याखालची वर्दळ बंद करा. खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या तारांखाली गाड्या, झोपाळे, वाळत घातलेले कपडे, काही ठेवू नका. मग तक्रार द्या. त्यावर शिडी लावू नका, वायरमनलाही लावू देऊ नका. आणि ही गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो: तार आधी कापू नका. कुजलेला खांब पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या तारांनीच धरून ठेवलेला असतो. एका बाजूची तार सोडली की दुसऱ्या बाजूची ओढ उरते आणि खांब वर चढलेल्या माणसासकट आडवा होतो. जाणकार माणसे आधी खांबाला क्रेनचा किंवा तात्पुरत्या ताणांचा आधार देतात, मगच तार सोडतात. झाडाला दोरी बांधून दिलेला आधार हा आधार नव्हे. झाड वाऱ्यात हलते आणि प्रत्येक झोक्याला खांबही हलवते.

खांब पडलाच आणि तार जमिनीवर आली, तर ती मेली आहे असे धरून चालू नका. निदान १० मीटर दूर राहा. जवळ अडकला असाल तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घसटत घसटत दूर सरका. लांब टांगा टाकल्या तर दोन पायांखालच्या जमिनीतल्या विजेच्या दाबातल्या फरकामुळे शरीरातून वीज वाहते.

लाकडी खांब फक्त पायथ्याशी गेला असेल आणि वरचा भाग निरोगी असेल, तर दोन्ही बाजूंना पोलादी खुंटे ठोकून, पट्टे आवळून त्याचे आयुष्य वाढवता येते. मात्र ते काम हिशेब करून जाणकारानेच करावे. पायथ्याभोवती सिमेंट ओतणे हा उपाय लोकप्रिय आहे आणि चुकीचा आहे. लाकूड वाळून आकसते, सिमेंट आकसत नाही. मध्ये फट पडते, तिच्यात पाणी पेल्यासारखे साठते आणि कूज दुप्पट जोमाने चालते. शिवाय पुढे उकरून पाहण्याची सोयही जाते. पायथ्याशी फुलझाडांचा वाफा, मातीचा ढीग, पाण्याची नळी यांनीही हेच होते: जमिनीची पातळी वर सरकते आणि कोरडे राहिलेले लाकूडही ओलीत येते.

खांब बदलायचाच असेल तर आधी विचारावे, खांब हवाच का? अंतर फार नसेल तर पोलादी चिलखताची केबल जमिनीखालून नेणे पुष्कळदा जास्त शहाणपणाचे ठरते. वारा, फांद्या, कूज हे तिन्ही प्रश्न मिटतात. चर साधारण ६० सेंटिमीटर खोल, गाड्या जातात तिथे त्याहून खोल, तळाला वाळू, केबलवर पुन्हा वाळू, मग विटा किंवा फरश्या आणि वर इशाऱ्याची पट्टी. केबलचा मार्ग दोन पक्क्या खुणांपासून मोजून कागदावर काढून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी झाड लावायला तिथेच खड्डा खणतो.

खांबच बसवायचा तर नवा खांब जुन्या खड्ड्यात बसवू नका, तिथली माती सैल झालेली असते. मीटरभर बाजूला नवा खड्डा घ्या. त्यात आणखी एक सोय आहे: जुन्यावरून पुरवठा चालू असतानाच निम्मे काम होते. पण वरच्या तारा चालू असताना नवा खांब उभा करताना तो त्यांच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून उभारणीपुरता पुरवठा बंद ठेवण्याची लेखी वेळ कंपनीकडून घ्यावी. खोलीचे दोन हिशेब प्रचलित आहेत. एक, लांबीचा सहावा भाग. दुसरा, लांबीचा दहावा भाग अधिक ६० सेंटिमीटर. ९ मीटरच्या खांबाला दोन्हींनी १.५ मीटरच येते. ६ मीटरच्या खांबाला पहिल्याने १ आणि दुसऱ्याने १.२ मीटर. आखूड खांबाला म्हणून दुसराच हिशेब धरावा, आणि माती भुसभुशीत असेल तर त्याहून खोल जावे. खडक लागला म्हणून अर्ध्या खोलीवर थांबणारे ठेकेदार असतात. मालकाने खांब उभा करण्याआधी स्वतः टेप टाकून खड्डा मोजावा. एकदा माती लोटली की कुणालाच काही दिसत नाही.

भरणी करताना १५ ते २० सेंटिमीटरचा थर टाकून धुमसाने ठोकायचा, मग पुढचा थर. एक माणूस माती लोटत असेल तर दोन माणसे धुमस चालवत असली पाहिजेत. सगळी माती एकदम लोटून वरून पाणी सोडले तर पहिल्या पावसात खांब कलतोच. वर मातीचा उंचवटा ठेवा, कारण भरणी थोडी बसते. लोखंडी खांबाला काँक्रीटचा ओटा करायचा तो बाहेर उतार देऊन, आणि नळी व काँक्रीट यांच्यामधली कड डांबरी लेपाने बंद करून. तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक लहान झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून वाहत आत न जाता तिथून ठिबकते. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार थेट एकत्र पिळू नका. दोन्ही धातूंसाठी बनवलेला जोडच वापरा, नाहीतर जोड तापून काही काळात जळतो. अर्थिंग नव्याने करून तिचा रोध मोजून घ्या, आणि तो आकडा परवानाधारक ठेकेदाराच्या सहीच्या कागदावर मागा. नवा पुरवठा चालू झाल्यावरच जुन्यावरच्या तारा आणि खांब उतरवावेत, तेही वर सांगितल्याप्रमाणे आधार देऊन.

शेवटी जुन्या लाकडाचे काय करायचे? हिरवट छटेचे लाकूड बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या क्षारांनी मुरवलेले असते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये शोधलेली ही पद्धत जगभर वापरली गेली आणि तिने खांबांना कितीतरी वर्षे दिली. पण ते लाकूड जाळले तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येते. ते चुलीत, शेकोटीत, बंबात घालू नका, राख झाडांना टाकू नका. काळपट, तेलकट वासाचे लाकूड बहुधा क्रिओसोटने (डांबरापासून काढलेल्या तेलाने) मुरवलेले असते. तेही जाळू नये, त्याचे गोठ्यातले दावणीचे खुंट किंवा मुलांची बाके करू नयेत. कापताना मास्क लावा, भुसा गोळा करा आणि तुकडे घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या.

वीज कंपन्यांकडे आमची एकच मागणी आहे. प्रत्येक बिलावर एक ओळ छापावी: तुमच्या आवारातला खांब कंपनीचा आहे की तुमचा. खांबाच्या पायथ्याशी खुरपे घेऊन कुणी बसायचे, ते त्या ओळीवरून ठरेल.

आपले नम्र,
खासगी वीज जोडण्यांची कामे करणारे तंत्रज्ञ